मंगलच्या नावेच्या खोडी

नावेत संडास असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून गावात जो भेटतो तो इकडचं तिकडचं बोलून शेवटी तेच विचारतो. कपाटाएवढी खोली असते. शेजारी हापशासारखा छोटा दांडा असतो, तो खालीवर केला की समुद्राचं पाणी आत येतं आणि सगळं घेऊन जातं. पण नाव धक्क्याला बांधलेली असताना तो वापरायचा नाही. काठावर फरशीचे बांधलेले आहेत, तिकडं चालत जायचं. आमच्याकडं पूर्वी पहाटे बाया डबा घेऊन निघायच्या, तशा तिथल्या गोऱ्या बायाही खांद्यावर टॉवेल टाकून निघतात आणि वाटेत थांबून बोलत बसतात. हा विषय संपला.

आता बाकीचं. माझी थोरली मुलगी मंगल मलेशिया देशात लंकावी नावाच्या बेटावर शिडाच्या नावेत राहते. फिरायला गेलेली नव्हे, राहते. भांडी, कपडे, गादी, देव, सगळं त्या नावेत. ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकली, मस्कतला नोकरीला गेली आणि तिथं थॉमस नावाच्या केरळच्या माणसाशी लग्न केलं. तो जहाजाच्या इंजिनांचं काम करायचा. मूलबाळ झालं नाही. दोघांनी म्हातारपण दिसायला लागल्यावर एक जुनी नाव घेतली, तिचं नाव 'मोगरा' ठेवलं आणि या बंदरातून त्या बंदरात फिरत राहिले. मागल्या वर्षी थॉमस वारला.

माझा मुलगा भगवान गावाकडं असतो, तेलगावच्या बाजूला. त्याला बहिणीची काळजी आहे आणि लोकांची त्याहून जास्त आहे. बाईमाणूस एकटी पाण्यात राहती, लोकं काय काय बोलायलेत, असं तो रोज जेवताना ऐकवायचा. त्यानं घराला लागून मंगलसाठी एक खोली बांधली. फोनवर बहीणभावाचं बरेच दिवस चाललं आणि शेवटी मंगल हो म्हणाली. नाव विकते आणि कायमची येते. गिऱ्हाईक ठरलं होतं, यायचं बाकी होतं. भगवान मला म्हणाला, माय, तूच जाऊन तिला घेऊन ये, न्हाईतर ती पुन्हा फिरंल.

मला विचाराल तर मलाही ती घरी हवी होती. शाळेसाठी वसतिगृहात घातली तेव्हापासून ती माझ्याजवळ सलग महिनाभर राहिलेली नाही. मी सत्तरी कधीच ओलांडली. अजून किती वाट बघायची?

विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. बसून राहायचं आणि खायला देतील ते खायचं. मंगलनं तिकीट काढतानाच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं मला दोन्ही विमानतळांवर चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, मला चालता येतं. ढकलणारा पोरगा म्हणाला, आजी, कागदावर तुम्हाला चालता येत नाही.

कुआ गावचा धक्का

माजलगावच्या धरणापेक्षा मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. कुआ गावाजवळ नावांचा तळ आहे, मंगल त्याला मरीना म्हणते. मला वाटलं होतं काठाला दगडी पायऱ्या असतील. तसं नाही. धक्काच पाण्यावर तरंगतो. भरती आली की धक्का, नावा आणि वरची माणसं सगळीच वर येतात. ओहोटीला खाली जातात. काठावरून धक्क्यावर जायला लोखंडी पूल आहे, तो सकाळी सपाट होता आणि दुपारी घसरगुंडीसारखा झाला. मी त्यावरून बसून उतरले. मंगलला लाज वाटली, मला नाही.

दोन्ही बाजूंना नावा उभ्या, ठाणबंद जनावरांसारख्या. कुणाच्या दोरीवर चड्ड्या वाळत होत्या, कुणी भांडी घासत होतं, कुणी इंजिन उघडून बसलं होतं. मी मंगलला म्हटलं, ही तर सगळी बिऱ्हाडंच आहेत की. ती म्हणाली, "मग तुला काय वाटलं व्हतं?"

मला बिऱ्हाड कळतं. आमच्या घरची मेंढरं होती. दिवाळी झाली की घोड्यावर सामान लादायचं आणि निघायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. ज्याच्या रानात मेंढरं बसतील तो शेतकरी खताच्या बदल्यात धान्य द्यायचा. मंगल जन्मली तीही अशाच कुणाच्या तरी रानात, बाभळीखाली. वाटेत दुसऱ्या गावची मेंढरंवाली माणसं भेटायची, चार दिवस शेजारी चूल मांडायची, मग त्यांची वाट वेगळी आणि आमची वेगळी. त्यांची आडनावं आम्हाला माहीत नसायची. गावावरूनच हाक मारायची.

इथंही तसंच. आडनाव कुणाचं कुणाला माहीत नाही, नावेचं नाव तेच आडनाव. आमच्या शेजारच्या नावेवर डेन्मार्क देशाचं जोडपं होतं, मार्गिट आणि येन्स. नावेचं नाव 'स्वाने', म्हणजे हंस. मी दोन दिवस मार्गिट स्वाने हेच तिचं पूर्ण नाव समजत होते. मंगल मंगल मोगरा. मला सगळे मोगरा मम्मा म्हणायला लागले.

मार्गिट माझ्याच वयाची, उंच, हाडकुळी, केस पोरांसारखे कापलेले. येन्सला डोळ्यांनी कमी दिसतं. नाव चालवताना ती सांगते आणि तो दोर ओढतो. हात लावून त्याला प्रत्येक दोर ओळखू येतो. दिवसभर ती त्याच्यावर ओरडत असते. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

रोज सकाळी सगळ्या नावांमध्ये एक वायरलेस बोलायला लागतो, पोलिसांच्या गाडीत असतो तसा. एकजण विचारतो आणि बाकीचे आपापल्या नावेतून उत्तर देतात. कुणी आजारी आहे का? कुणी नवं आलं? कोण निघालं? कुणाकडं जास्तीची वस्तू आहे, ती कुणाला पाहिजे का? आमच्याकडं दवंडी होती, पण दवंडीला कुणी उलट उत्तर देत नसे. कोणी निघायचं म्हणालं की शेजारपाजारचे हातातलं काम टाकून त्यांचे दोर सोडायला जातात. येणारी नाव दिसली की दोर झेलायला उभे राहतात. ओळख असो नसो. मी बघितलं, एका माणसाशी आदल्या दिवशी पाण्याच्या नळावरून कडाक्याचं भांडण झालं होतं, त्याचेही दोर झेलायला भांडणाराच पुढं झाला. दोर बांधून झाल्यावर दोघं पुन्हा तोंड फिरवून गेले.

मंगलची नाव विकली जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यासमोर कुणी बोललं नाही. पण मी मंगलला न्यायला आले आहे हेही त्यांना ठाऊक होतं, आणि सावकाराच्या माणसाकडं बघावं तसे दोन दिवस ते माझ्याकडं बघत होते.

ते बदललं माझ्या एका चुकीमुळं. मार्गिटनं मला कॉफीला बोलावलं. तिला मराठी येत नाही, मला तिचं काही येत नाही. आम्ही दोघी बसून येन्सला हसलो, एवढंच. उठताना 'जाते' म्हणायचं नाही ही आपली रीत. मी तिच्याकडं जाण्याआधीच मंगलला विचारून ठेवलं होतं, 'येते' ला इंग्रजीत काय म्हणायचं? ती इंजिनात डोकं घालून बसली होती, तिथूनच म्हणाली, "आय कम." मी मार्गिटला खणखणीत आवाजात आय कम म्हटलं आणि घरी येऊन झोपले.

मार्गिटनं दुसरा केक केला. टेबल पुसलं, तीन कप मांडले. येन्सला धुतलेला शर्ट घालायला लावला. दोघं अंधार पडेपर्यंत वाट बघत बसले. सकाळी ती मंगलला विचारायला आली, तुझी आई आजारी आहे का? मंगलला आधी कळेना, मग कळलं तेव्हा ती तिथंच धक्क्यावर खाली बसून हसायला लागली. तिनं मार्गिटला समजावलं की आमच्याकडं निघणारं माणूस जाते म्हणत नाही. मार्गिटनं ऐकून घेतलं आणि ती गंभीर झाली. येन्सला जाऊन सांगितलं. येन्सनं वायरलेसवर सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून मला बघितलं की माणसं हात हलवून "आय कम" म्हणायची आणि उलट्या दिशेनं निघून जायची.

ठेचा

तिथलं जेवण वाईट नाही. फाटकाशी कमारिया नावाची बाई नारळाच्या दुधात शिजवलेला भात विकते, वर सुक्या मासळीची लाल चटणी. थोरल्या बहिणीला तिकडं 'काक' म्हणतात. मंगल तिला काक म्हणायची, मी तिला काकी म्हणायला लागले, तिनंही ओ द्यायला सुरुवात केली. बाजारात तव्यावर फेकून फेकून पराठ्यासारखी रोटी करतात, तीही खाल्ली. पण चार-पाच दिवसांनी मला भाकरी पाहिजे झाली. पीठ मी घरून नेलं होतं.

मंगल गावात गेली होती. नावेतली चूल म्हणजे गॅसची शेगडी, पण ती टांगलेली असते, झोपाळ्यासारखी हलते, म्हणजे नाव कलली तरी भांडं सांडत नाही. भाकरी झाल्यावर मी तव्यावर हिरव्या मिरच्या टाकल्या. वरचं झाकण उघडं होतं. घरी आपण मिरच्या भाजतो तेव्हा शेजारची म्हातारी खोकते आणि दोन शिव्या देते, त्यापलीकडं काही होत नाही. इथं वारा धक्क्याच्या लांबीनं वाहत होता. आधी येन्स खोकला. मग पलीकडची नाव. मग ओळीनं सगळ्या नावा खोकायला लागल्या. वायरलेसवर कोणीतरी घाईनं बोलू लागलं. एक माणूस आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन पळत आला आणि वरून माझ्यावर रोखून उभा राहिला. मी त्याला मराठीत सांगितलं की मिरच्या हायत, मर बाजूला.

मार्गिट ओला टॉवेल तोंडाला लावून खाली उतरली. डोळ्यांतून पाणी चाललेलं. तिनं तव्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गॅस बंद केला. मी लसूण-मीठ टाकून मिरच्या ठेचून काढल्या. भाकरीच्या तुकड्यावर तिला दिलं. ती खाऊन लाल झाली, खाली बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि हात पुढं करून आणखी मागितलं.

त्यांच्यात शुक्रवारी सगळ्यांचं जेवण एकत्र असतं, ज्यानं त्यानं आपलं करून आणायचं. मार्गिटनं माझा ठेचा स्वतः मिरवत नेला आणि नळकांडंवाल्याला पहिला घास तिनंच भरवला. मी मन लावून बघत होते.

बेटामागच्या खाडीत

गिऱ्हाईक रविवारी यायचं होतं. त्याआधी मंगल म्हणाली, विकायच्या आधी एकदा तुला शिडावर नेते. मोगरा आणि स्वाने अशा दोन नावा निघाल्या.

इंजिन बंद करून शीड उभारलं की पहिली गोष्ट होते ती ही की आवाज संपतो. दुसरी ही की नाव एका अंगावर कलते आणि तशीच कललेली चालते. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, डब्यासकट दुसऱ्या भिंतीला जाऊन आदळले. मंगलनं वरून डोकावून बघितलं तर मी पांढरी. ती म्हणाली, "लागलं का?" मी म्हटलं, पीठ गेलं. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण वर येऊन बसल्यावर बरं वाटलं. मंगल सुकाणूवर उभी होती, एक पाय खाली, एक बाकावर टेकवलेला. वारा बदलला की तिला आधी कळायचं, शिडाला मागून. तिचा बाप मेंढरांपुढं असाच उभा राहायचा, काठीवर भार टाकून, कुठंही न बघता सगळीकडं लक्ष ठेवून. तिला तो नीट आठवतही नसेल, ती वसतिगृहातच वाढली.

एका बेटामागं खाडी होती. सरळ उभे डोंगर, झाडीनं भरलेले, आणि वर घारी फिरत होत्या. आमच्याकडचे डोंगर बसलेले असतात, हे उभे होते. दोन्ही नावांनी नांगर टाकले. थोड्या वेळानं बघते तर दोन्ही नावांची तोंडं एकाच दिशेला. वारा फिरला की दोन्ही हळूच फिरायच्या आणि पुन्हा एकाच दिशेला तोंड करून उभ्या. दुपारच्या उन्हात मेंढरं करतात तसं. मी मार्गिटला खुणेनं सांगायचा प्रयत्न केला, हातानं शिंगं दाखवली. तिला वाटलं मी येन्सबद्दल बोलतेय, ती जोरजोरानं मान हलवून हो म्हणाली.

सूर्य डोंगरामागं गेल्यावर मार्गिट आणि येन्स त्यांच्या नावेवर गेले. मंगलनं भात टाकला. मी तिला विचारलं,

"थॉमस गेला तवा कडू घास कुनी दिला गं?"

आमच्याकडं घरात कुणी गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. पहिलं जेवण सोयऱ्यानं आणायचं असतं, माहेरच्यानं किंवा जवळच्या कुणी. त्याला कडू घास म्हणतात. दुसऱ्या कुणाचा चालत नाही. भगवान जाऊ शकला नव्हता, त्याच्याकडं पासपोर्ट नव्हता. मी त्याच महिन्यात अंगणात पडले होते, कंबरेला मार लागून खाटेवर होते. फोनवर रडणं झालं होतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

मंगल भात ढवळत राहिली. म्हणाली, "मार्गिटनं."

"काय आनलं व्हतं?"

"बटाट्याचं सूप. गारढोन झालेलं. मी खाईना, तर ती चमचा घेऊन समोर बसली. भांडली माझ्याशी, तिच्या भाषेत. मला एक शब्द कळला न्हाई. मग खाल्लं."

मग तिनं बाकीचं सांगितलं, जे फोनवर कधी सांगितलं नव्हतं. थॉमस दवाखान्यात होता तेव्हा धक्क्यावरची माणसं पाळीपाळीनं मोगरावर येऊन जायची, पाणी भरायची, दोर बघायची. तो गेल्यावर मार्गिट येन्सला एकटं ठेवून मंगलच्या नावेत झोपायला यायची, मंगल नको म्हणेपर्यंत. त्यातल्या बऱ्याच नावा आता दुसऱ्या देशांत आहेत. वाटेत भेटतात, पुन्हा सुटतात.

मी म्हटलं, "मग तुला सोयरे हायत की हितं."

"हायत."

"मग कावून यायलीस?"

तिनं भात उतरवला. म्हणाली, "तू पडलीस तवा मी हितं थॉमसच्या उशाला बसलेते. आता पुन्हा पडलीस तर?"

मी म्हटलं, पडायचं असंल तर पडन. तू काय धरायला रोज माज्या मागं उभी ऱ्हानार हायस का?

"व्हय," ती म्हणाली.

भात जरा कच्चा होता, तेवढं सांगितलं.

पुन्हा कुआ: गिऱ्हाईक

रविवारी तो आला. ऑस्ट्रेलियाचा, लाल दाढीचा, आणि बरोबर त्याची बायको. चपला धक्क्यावर काढून नावेत आले, त्यावरून माणसं बरी वाटली. मला वाकून नमस्कार केला. मंगलनं त्यांना चहा दिला. मी कोपऱ्यात बसले. मार्गिट तिच्या नावेवर ब्रश घेऊन एकच फळी घासत होती.

मग मंगलनं नाव दाखवायला सुरुवात केली. मला इंग्रजी येत नाही, पण ती बोट कुठं लावते ते दिसत होतं. तिनं आधी जमिनीच्या फळ्या उचलून खालचा गंज दाखवला. मग खिडकीच्या कडेला पाणी झिरपल्याचा डाग. मग संडासाचा दांडा वरखाली करून तो अडकतो तिथं थांबली. इंजिन चालू केलं आणि ते खोकलं तेव्हा स्वतःच बोट वर करून त्याला ऐकवलं. डोलकाठीला बांधलेली एक तार हातात धरून काहीतरी सांगितलं, आणि त्याच्या बायकोनं तोंडाला हात लावला. सुकाणू घट्ट फिरतं हे दाखवायला तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. मी तिला शिडावर एका हातानं ते फिरवताना पाहिलं होतं.

मेंढरांच्या बाजारात मी उभं आयुष्य घालवलं आहे. तिथं ज्याला विकायचं असतं तो खोडी सांगत नाही. खोडी गिऱ्हाइकानं काढायच्या, दात बघायचे, पाय बघायचे, आणि विकणाऱ्यानं आभाळाकडं बघत राहायचं. पण कधीकधी घरच्यांनी विकायला पाठवलेलं असतं आणि आणणाऱ्याचं मन नसतं. मग तो माणूस स्वतःच सांगत सुटतो. ही लाथ मारती. ही पिल्लाला पाजत नाही. हिला कुंपणावरून उडी मारायची सवय आहे. माझ्या नवऱ्यानं एकदा अशी एक मेंढी बाजारातून तीन वेळा परत आणली, सासऱ्यानं त्याच्याशी बोलणं सोडलं तरी. ती मेंढी आमच्या वाड्यातच म्हातारी झाली.

मंगल तेच करत होती. बाजार तिनं पोरवयात एखाद-दुसऱ्या वेळी पाहिला असेल. तिला कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. मला कळलं.

पण माणूस चांगला निघाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बायकोशी हळू बोलला, आणि मग हसायला लागला. मंगलच्या तोंडाकडं बघून मला अर्थ लागला. असा खरं बोलणारा मालक त्याला कुठं भेटला नव्हता, म्हणून त्याला हीच नाव पाहिजे होती. त्यानं उठून हात पुढं केला.

हातात हात गेला की सौदा झाला, हे तिकडंही आहे आणि इकडंही. मंगलचा हात मांडीवरून उठला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी वसतिगृहाच्या फाटकाशी सोडताना बघायची तसं, मागं न वळता, फक्त डोळे फिरवून. तेव्हा मी तिला आत ढकललं होतं आणि बरंच केलं होतं.

मी म्हटलं, "त्याला सांग, माय न्हाई म्हनती."

"माय, काय बोलायलीस?"

"मी काय बोलले ते सांग त्याला. घरातलं थोरलं मानूस न्हाई म्हनलं. सौदा मोडला. त्यात त्याचा अपमान न्हाई आन् तुझा शब्दबी जात न्हाई."

आमच्यात ही सोय जुनी आहे. शब्द दिलेला असतो, मागं फिरायला तोंड नसतं, तेव्हा घरातली म्हातारी नको म्हणते. म्हातारीशी कुणी वाद घालत नाही. तेवढ्यासाठी तरी म्हातारी घरात पाहिजे.

मंगलनं खाली बघत इंग्रजीत सांगितलं. लाल दाढीवाला माझ्याकडं वळला. मी चेहरा दगडासारखा ठेवला. त्यानं हात मागं घेतला, छातीवर ठेवला, काहीतरी बोलला, आणि उरलेला चहा संपवून दोघं गेले. शेजारच्या नावेवर ब्रशचा आवाज केव्हाचा थांबला होता.

मला वाटलं होतं मंगल रडेल किंवा निदान दोन शब्द बोलेल. ती भडकली. तुला कुनी सांगितलं व्हतं मदी पडायला, म्हणाली. आता मी भगवानला काय तोंड दाखवू, आन् तुझं काय? मी म्हटलं, भगवानला मी बघते, लाव फोन.

भगवानचा आवाज धक्क्याच्या टोकापर्यंत गेला असेल. मी त्याला ओरडू दिलं. शेवटी तो म्हणाला,

"मग तुला कोन बघंल, माय?"

"तू हायस की. का कुटं निगालास?"

मग जरा खालच्या आवाजात त्यानं विचारलं, खोलीचं काय करायचं. मी म्हटलं, कांदे भर.

मला दुसऱ्याच आठवड्यात परत यायचं होतं, एकटीला, त्या चाकाच्या खुर्चीत. ते डोक्यात होतंच. पण बसून काय करणार? मार्गिट केक घेऊन आली, कोणाशी काही न बोलता तो ठेवून गेली. मंगलनं तोंड धुतलं, अवजारांची पेटी काढली आणि इंजिनाचं झाकण उघडून आत उतरली. मी वरून पाने देत बसले. ती मागायची तो पाना मी एकदाही पहिल्या फटक्यात बरोबर दिला नाही.

मी म्हटलं, "त्या मान्साला एवढ्या खोडी सांगितल्यास. आता बस एकेक करून दुरुस्त करत."

तिचं डोकं बाहेर आलं नाही, नुसता आवाज आला.

"सगळ्या कशाला? त्यातल्या दोन मी मनच्याच सांगितल्या."